सव्वा महिना घरी आल्यापासून मोजा

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घेऊन आईवडील बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातून निघतात, तेव्हा फोंड्याला किंवा डिचोलीला घरी वाट पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता बरं झालं ना बाळ?" डॉक्टर त्यावर चटकन 'हो' म्हणत नाहीत. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मून महिनाभर काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ घरी येतं, तेव्हा त्याचा छत्तिसावा आठवडा चालू असतो. पोटात असतं तर अजून महिनाभर तिथेच राहिलं असतं. तो उरलेला महिना आता आपल्या घरात जायचा असतो, आणि अर्धी राहिलेली कामं घराने पुरी करायची असतात.

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म तो अकाली जन्म. २०२० साली जगात अशी अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. तरीही आपल्याकडे अजून ऐकू येतं की सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे साफ खोटं आहे आणि आठव्यात बाळंत झालेल्या बाईला ते उगाच भिववतं. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून आतून सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध थर लागतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे जातात. लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास कोंडतो तो या थराच्या अभावी, हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरने १९५९ साली दाखवून दिलं. तेव्हा आठवा महिना सातव्यापेक्षा चांगलाच.

बाळाला घरी सोडतात ते मुख्यतः तीन गोष्टी जमल्यावर: अंगातली ऊब टिकवणं, तोंडाने दूध घेणं आणि न थांबता श्वास घेणं. वजनाचा आकडा रुग्णालयागणिक थोडा बदलतो, पण वजन रोज वाढत असायला हवं ही अट सगळीकडे असते. दूध ओढणं, गिळणं आणि मध्येच श्वास घेणं यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी नाकातल्या नळीने दूध देतात ते म्हणूनच. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असल्यामुळे ही बाळं मध्येच श्वास घ्यायची थांबतात. त्यावर चक्क कॅफीन देतात. ते बंद केल्यावर बरेच दिवस श्वास न अडखळता गेले, की मग घरचा रस्ता.

पहिली रात्र बहुतेकांना झोपेविना जाते. इतके दिवस पडद्यावर श्वासाचा, ठोक्यांचा, ऑक्सिजनचा आकडा दिसत होता, काही बिघडलं तर यंत्र ओरडत होतं. घरी पडदाही नाही आणि ओरडणारं यंत्रही नाही. मग आई दर पाच मिनिटांनी बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसते. ही भीती खुळी नाही, पण तिला काहीतरी आधार द्यायला हवा, आणि तो आधार म्हणजे बाळाकडे बघायचं कसं हे शिकणं. लहान बाळाचा श्वास सारख्या लयीत चालत नाही. पाच-दहा सेकंद तो थांबतो, मग भरभर दहा-बारा श्वास होतात, पुन्हा संथ होतो. रंग गुलाबी असेल तर यात काळजीचं काही नाही. श्वास वीस सेकंद थांबला, ओठ निळसर किंवा चेहरा पांढराफटक पडला, अंग ढिलं पडलं, तर तळवा किंवा पाठ चोळायची आणि लगेच १०८ ला फोन. शांत असताना मिनिटाला साठाच्या वर श्वास, श्वासागणिक बरगड्यांखाली पडणारा खळगा, आणि कालपर्यंत नीट पिणाऱ्या बाळाने दूध सोडणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती बघूनच चुकते. पेटीत बाळाला कित्येकदा पालथं निजवलेलं असतं. आईवडील ते रोज पाहतात आणि घरी तसंच निजवतात. तिथे पालथं निजवणं चालतं, कारण चोवीस तास यंत्र आणि परिचारिका पहाऱ्यावर असतात. घरी बाळ उताणंच निजवायचं, सपाट आणि टणक अंथरुणावर, उशीशिवाय. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद असलेली श्वासनलिका आणखी दबते, म्हणून झोळी पुढे कधीतरी.

उबेचं गणित समजलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत साठते, ती या बाळांकडे थोडीच असते. कातडी पातळ आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ऊब झरझर निघून जाते. थर्मामीटरवर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हवेत. पण हाताने बघायची रीतही पक्की आहे: हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळव्याला. दोन्ही ऊन, तर ठीक. पोट ऊन पण तळवा गार असेल, तर बाळ ऊब राखायला धडपडतंय आणि त्यात वजन वाढवायची शक्ती खर्च होतेय. दोन्ही गार लागले तर बाळाला छातीशी धरून रुग्णालय गाठायचं. गोव्याच्या पावसात दुपटी वाळत नाहीत. दमट दुपटं अंगाला लागलं की ते वाळताना बाळाचीच ऊब घेतं. उलट एप्रिलमध्ये तीन थरांत गुंडाळलेलं बाळ तापतं, आणि घरातले त्याला ताप आला म्हणून घाबरतात.

ऊब देण्याचं सगळ्यात चांगलं साधन आईवडिलांच्या अंगावरच असतं. १९७८-७९च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा एडगर रे सानाब्रिया आणि हेक्टर मार्टिनेस या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी उभी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. नुसतं लंगोट, टोपी आणि मोजे घातलेलं बाळ उघड्या छातीवर बेडकासारखं पसरून ठेवायचं, मान एका बाजूला, वरून कापड बांधायचं. आईच्या छातीचं तापमान बाळाच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात १५.७ टक्के. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला आठ ते चोवीस तास कांगारू द्यायला सांगते, आणि ते घरी आल्यावरही चालू ठेवायचं असतं. आठ तास एकट्या आईने का द्यावेत? बाबाची छाती तितकीच उबदार असते. आजी, मावशी, आत्याही बसू शकतात. आईने तेवढ्यात पेज खाऊन दोन तास गाढ झोपावं.

दुधाचं म्हणाल तर ही बाळं पोट भरलं म्हणून नाही, दमतात म्हणून थांबतात. पाच मिनिटं ओढतात आणि डोळे मिटतात. १८०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला साधारण २७० ते ३२० मिली दूध लागतं; दोन-दोन तासांनी बारा वेळा धरलं तर एका वेळी पंचवीसेक मिली, म्हणजे चहाचे पाच चमचे. अंगावर जेवढं पिईल तेवढं पिऊ द्यायचं, उरलेलं पिळून काढून वाटी-चमच्याने. झोपलं तरी उठवून पाजायचं. मध, गुटी, वरचं पाणी काहीही नको. लोहाचा साठाही शेवटच्या तीन महिन्यांतच भरतो, त्यामुळे लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेत तोवर बंद करायचे नाहीत.

आता माणसांबद्दल. एरवी सुवेर, म्हणजे जन्माचं सोयर, आणि सव्वा महिना यांमुळे बाळंतिणीच्या खोलीत फारसं कोणी येत नाही. कारण काहीही सांगोत, जंतूंपासून संरक्षण त्यातून मिळतं. इथे उलटं होतं. बाळ पेटीत असताना सुवेर संपतं, बहुतेक सव्वा महिनाही संपतो, आणि बाळ घरी आलं की बारसं आणि बघायला येणं एकाच आठवड्यात लोटतं. त्यात गणेशचवथ आली तर मुंबई-पुण्याचे सगळेच गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली गोळा. आईकडून मिळणारी प्रतिकारद्रव्यंही बरीचशी शेवटच्या महिन्यांत बाळाकडे येतात, ती याला कमीच मिळालेली असतात, आणि मोठ्यांची साधी सर्दी याच्या फुप्फुसात उतरते. म्हणून माझं सांगणं, सव्वा महिना घरी आल्या दिवसापासून मोजा. बारसं पुढे ढकललं तर देव रागवत नाही. धुरी, अगरबत्ती, फटाक्यांचा धूर आणि विडी-सिगारेट बाळाच्या खोलीपासून लांब. तेल लावायचं तर हलक्या हाताने. नाकात, कानात थेंबही नाही. आणि आजीला हे सगळं सुनेने सांगायचं नसतं, मुलाने सांगायचं असतं.

आईकडेही बघायला हवं. अकाली बाळंतपण झालेल्या बायकांत नैराश्य आणि अस्वस्थता जास्त आढळते. बाळ घरी सुखरूप आल्यावर ती रडू लागते तेव्हा "आता कशाला रडतेस" म्हणू नये. इतके दिवस तिला रडायला वेळ नव्हता. दोन आठवडे झाले तरी रडणं थांबेना, झोप येईना, बाळाला घ्यावंसं वाटेना, तर तिच्यासाठीही डॉक्टर गाठायचा.

डोळ्यांची तपासणी कधीही चुकवू नका. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण व्हायच्या आत जन्म झाला की त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि वेळेत लेसर किंवा इंजेक्शन झालं नाही तर दृष्टी जाते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत व्हायला हवी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पुढच्या तारखाही पाळायच्या, पाऊस असो की जत्रा. कानांची तपासणीही अशीच राहून जाते.

आणि वय. दहा आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी विकासाच्या दृष्टीने ते साधारण साडेतीन-पावणेचार महिन्यांचं. शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाला बसवलं तर बसतं आणि आपलं नुसती मान सावरतंय, यात बिघडलेलं काही नाही. उष्टावणाचा मुहूर्तही याच वयाने, डॉक्टरांना विचारून धरायचा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, सहा आठवडे म्हणजे सहाच आठवडे. बाळ लहान दिसतं म्हणून ती पुढे ढकलायची नाही. साधारण दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी करत राहायची, पुढे बहुतेक मुलांना तिची गरज पडत नाही.