पिवळीच्या लेखाला काळीचा फोटो: लिंकच्या चेहऱ्याची पार्श्वभूमी

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात दोन मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी आणि पिवळी. बाहेरच्याला हा नुसता रंगाचा फरक वाटेल. इतवारीत वाढलेल्याला तसं वाटत नाही, कारण काळीमागे नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसल्यांची, इंग्रजांशी झालेल्या हातमिळवणीची आख्यायिका आहे आणि पिवळीची परंपरा वेगळी. मी पिवळीवर लिहिलेल्या लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली आणि खाली काळीचा फोटो आला, तेव्हा पहिला निरोप आला, "हे काहून लावलं बाप्पा?" मी काहीच लावलं नव्हतं. पानाच्या कडेला दुसऱ्या लेखाचं चित्र होतं, ते यंत्रानं उचललं.

कोणतं चित्र घ्यायचं ते यंत्राला पानाच्या माथ्यावरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या नोंदी सांगतात. अशा नोंदी लिहायची रीत जुनी आहे. 1995 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डब्लिन गावी ग्रंथालयांतली आणि संगणकातली मंडळी जमली. शीर्षक, कर्ता, विषय अशा मोजक्या नोंदींचा 'डब्लिन कोअर' हा संच तिथून आला. पान सापडावं, एवढाच त्याचा हेतू होता. ते दुसऱ्याच्या भिंतीवर कसं दिसेल, हा प्रश्न तेव्हा नव्हता.

तो आला फेसबुकमुळे. 21 एप्रिल 2010 रोजी फेसबुकनं 'ओपन ग्राफ' हा अशाच नोंदींचा आपला संच जाहीर केला. शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता, या चार नोंदी त्यात आवश्यक धरल्या. बाहेरचं पान आपल्या जाळ्यातली एक 'वस्तू' व्हावं, लोकांनी 'लाइक' केलेलं आपल्याला कळावं, हा त्यामागचा विचार. आज आपण ज्याची एवढी काळजी घेतो तो लिंकखालचा, चित्र आणि मथळ्याचा देखणा चौकोन त्याच्या ओघात आला, असं माझं मत आहे. 2012 मध्ये ट्विटरनं स्वतःची 'कार्ड' आणली, पण ती नसली तर ओपन ग्राफच्याच नोंदी वाचायची सोय ठेवली. पुढे व्हॉट्सॲप, लिंक्डइन, टेलिग्राम यांनीही त्याच वाचायला घेतल्या. एका कंपनीची सोय अशी सगळ्यांचा रिवाज झाली.

या चौकोनाचा ताबा मात्र कधीच पुरता पानाच्या मालकाकडे नव्हता. फेसबुकवर पेज चालवणाऱ्याला लिंक टाकताना मथळा आणि चित्र बदलता येत असे, अगदी दुसऱ्याच्या बातमीचंही. खोट्या बातम्यांना हे आयतं हत्यार मिळालं, म्हणून 2017 मध्ये ती मुभा काढली. निर्णय योग्यच होता. माझ्या लेखाचं नाव तिसऱ्यानं का बदलावं? ऑक्टोबर 2023 मध्ये मात्र एक्सनं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरनं, लिंकखालचा मथळाच उडवला आणि नुसतं चित्र ठेवलं. पुढे तो चित्रावर लहान अक्षरांत परतला. चित्र चुकीचं असेल तर मथळाच वाचकाला सावरतो, हे मी पाहिलेलं असल्यानं तो बदल मला फार खटकला होता.

आता मी चारही नोंदी हातानं लिहितो. चित्राचं माप फेसबुक सुचवतं 1200 × 630 पिक्सेल, म्हणजे आडवं. मारबत उभी आणि उंच. उभा फोटो तसाच दिला तर कापताना तिचं डोकं जातं. म्हणून गर्दीसकट, दुरून काढलेला आडवा फोटो निवडतो.

त्या दिवशीही नोंदी लगेच दुरुस्त केल्या. फेसबुकनं जुनी प्रत साठवलेली होती. त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये, म्हणजे लिंक तपासायच्या साधनात, पत्ता घालून पान नव्यानं वाचायला लावलं आणि तिथे पिवळी दिसू लागली. व्हॉट्सॲपवर हा उपाय चालत नाही. तिथला चौकोन पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन निरोपासोबत जातो. ज्या गटांत लिंक आधीच पोचली होती, तिथे पिवळीच्या लेखावर अजून काळीच आहे.