'सत्या' की 'कंपनी': रामूला कुठल्या सिनेमावर तोलायचं?

"त्या 'कंपनी'त नाही का, भिकू म्हात्रे समुद्राकाठी खडकावर उभा राहून ओरडतो, मुंबई का किंग कौन?" गणपतीत आमच्या अलिबागकडे जागरणं चालतात, पत्ते पिसले जातात आणि मध्यरात्र उलटून सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. भिकू म्हात्रे 'सत्या'तला. 'कंपनी'त मलिक आणि चंदू. पण गल्लत करणाऱ्याला फार हसायचं कारण नाही. दोन्ही सिनेमे राम गोपाल वर्माचे, म्हणजे रामूचे, दोन्ही मुंबईच्या टोळ्यांवरचे, दोन्हींचं पार्श्वसंगीत संदीप चौटाचं, आणि मध्ये अंतर चारच वर्षांचं: 'सत्या' १९९८चा, 'कंपनी' २००२चा. त्यात भर म्हणून 'कंपनी'तला चंदू नागरे आणि २००५च्या 'सरकार'मधला सुभाष नागरे यांचं आडनावही एकच. नातं काही नाही. रामूला ते आडनाव आवडलं असावं, दुसरं काय.

ही गल्लत निस्तरायची ती सामान्यज्ञानासाठी नव्हे. रामूवरून जे वाद होतात, म्हणजे मोठा दिग्दर्शक वाया गेला की मुळात मोठा नव्हताच, त्यात दोन्ही बाजू 'सत्या'च पुढे करतात आणि 'कंपनी' त्याचाच दुसरा भाग असल्यासारखी गुंडाळून टाकतात. माझ्या मते खरा उलगडा या दोघांमधल्या फरकात आहे.

'सत्या'ची गोष्ट अशी फार नाहीच. कुठून आला ते न सांगणारा एक मुलगा मुंबईत येतो, तुरुंगात भिकूशी मारामारी करतो, त्याच्याच टोळीत जातो, चाळीत शेजारच्या विद्याच्या प्रेमात पडतो. लक्षात राहतात ती माणसं. कल्लू मामा साकारणारा सौरभ शुक्ला हा अनुराग कश्यपबरोबर या सिनेमाचा लेखकही आहे, आणि ते जाणवतं: टोळीतली माणसं एकमेकांशी बोलतात ती प्रेक्षकाला माहिती पुरवण्यासाठी नाही, वेळ घालवण्यासाठी. वकील मुळे झालेला मकरंद देशपांडे, इन्स्पेक्टर खांडिलकर झालेला आदित्य श्रीवास्तव, प्यारी म्हात्रे झालेली शेफाली; यातलं कुणीही तेव्हा पोस्टरवर छापून तिकीट खपेल असं नव्हतं. भिकू झालेल्या मनोज बाजपेयीला सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही बायकोपुढे नमणाऱ्या गुंडासाठी. भिकू आणि प्यारी घरात कडाकडा भांडतात आणि लग्नात 'सपने में मिलती है'वर नाचतात. ते गाणं आशा भोसले आणि सुरेश वाडकरांचं, चाल विशाल भारद्वाजची. कोकणातल्या वरातीत ते अजून वाजतं.

आमच्या पट्ट्यात, अलिबाग, पेण, उरणला, म्हात्रे आडनाव वाडीवाडीत आहे. त्यामुळे भिकू आमच्याकडे सिनेमातलं पात्र म्हणून कमी आणि मुंबईला जाऊन नेमकं काय करतो ते घरी न सांगणारा नातेवाईक म्हणून जास्त ओळखीचा वाटला. त्याचं मरणही तसंच, ध्यानीमनी नसताना. टोळीचा राजकारणी आश्रयदाता, ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, तो त्याला घरचा समजून बोलावतो आणि बोलता बोलता गोळी घालतो. संगीत चढत नाही, कॅमेरा घुटमळत नाही. पुढे सत्या भाऊला मारतो ते चौपाटीवर, विसर्जनाच्या गर्दीत. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ती गर्दी, ती ढकलाढकली, पायाखालची ओली वाळू ठाऊक असते, आणि म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. अमेरिकन छायाचित्रकार जेरार्ड हूपर आणि मझहर कामरान यांनी टिपलेला पाऊस आमच्या पावसासारखाच दिसतो: चिकचिकीत आणि न थांबणारा.

'कंपनी'त पाऊस नाही, वास नाही, घर जवळजवळ नाही. आहे तो धंदा. निवेदक धंद्याचे कायदे सांगत जातो, माणसं मुंबईतून हाँगकाँगला जातात, तिथून फुटून एक केनियात. भिकू ज्याला मारायचं त्याच्यासमोर उभा राहतो. मलिक फोन करतो. या सिनेमातलं खरं हत्यार फोनच आहे, आणि मैत्री तुटते तीही फोनवरच. एका नेत्याला उडवायचं ठरलेलं असतं, पण गाडीत लहान मुलं आहेत हे कळल्यावर चंदू मागे हटू बघतो आणि मलिक दूर बसून काम पुरं करायला लावतो. मोठा संवाद नाही. एक जण हुकूम देतो, दुसऱ्याला कळून चुकतं की आपण भागीदार नव्हतो, नोकर होतो. पटकथा जयदीप साहनीची, पण हा सिनेमा दिग्दर्शकानं घट्ट मुठीत धरलेला आहे. मलिक झालेल्या अजय देवगणला त्यानं इतकं स्थिर ठेवलंय की तो नुसता मान वळवतो तेव्हा भीती वाटते. चंदू झालेल्या विवेक ओबेरॉयचा हा पहिला सिनेमा, आणि मल्याळममधून मोहनलालला आणून बडा पोलीस अधिकारी केलंय तेही असं, की त्यानं आवाज चढवायचीही गरज पडू नये. कॅमेरा टेबलाखाली, खुर्चीमागे, चेहऱ्याला चिकटून. आणि त्यातला प्रत्येक कोन अर्थाचा.

दाऊद आणि छोटा राजन यांच्या फाटाफुटीची सावली 'कंपनी'वर उघड आहे. 'सत्या'ला अशी बातमीची टेकू लागत नाही. तरी दोघांत श्रेष्ठ कोणता, याचं माझं उत्तर सरळ आहे: सिनेमा म्हणून 'सत्या' मोठा, दिग्दर्शन म्हणून 'कंपनी'.

माझा पेणचा चुलतभाऊ यावर उखडतो. "म्हणजे काय दादा? सिनेमा मोठा आणि तो करणारा लहान, असं कुठं असतं?" तसं मी म्हणत नाही. 'सत्या'त रामूचं मोठेपण निवडीत आहे. त्यानं अशी माणसं गोळा केली जी त्याच्याहून वेगळं बघत होती, आणि त्यांना मोकळं सोडलं. बिनओळखीच्या चेहऱ्यांवर पैसे लावणं हेही दिग्दर्शनच, आणि ते धाडसाचं. पण कुठला क्षण रामूचा आणि कुठला शुक्लाचा, बाजपेयीचा, पावसाचा, हे 'सत्या'त वेगळं काढता येत नाही. 'कंपनी'त येतं.

आणि इथंच त्याच्या पुढच्या घसरणीचं कारण सापडतं. हैदराबादेत व्हिडिओचं दुकान चालवणारा हा सिव्हिल इंजिनिअर १९८९च्या 'शिवा'नं तेलुगूत आला, १९९५च्या 'रंगीला'नं हिंदीत बसला. 'सत्या' आणि 'कंपनी'नंतर त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या: माणसं आणि शैली. माणसं एकेक करून आपापल्या वाटेनं गेली, शैली उरली. 'सरकार'मध्ये अजून तोल आहे. अमिताभ बच्चन बशीतून चहा पितो आणि खोलीतल्यांना घाम फुटतो, हे जमलंय. २००७च्या 'आग'मध्ये 'शोले' पुन्हा करायला घेतला, तेव्हा विचित्र कोन होते, काळोख होता, पण गब्बरच्या जागी आलेल्या बब्बनची भीती वाटावी असं काही नव्हतं. 'डिपार्टमेंट'मध्ये (२०१२) कॅमेरा कुठं कुठं शिरतो याचाच तमाशा झाला. जो कोन 'कंपनी'त माणसाचं मन दाखवायचा तो आता नुसता कोन राहिला. मालवणी मसाला तोच, पण कढईत मासाच नाही.

त्याच्या विरोधकांची एक गोष्ट मला मान्य नाही, ती म्हणजे सरासरी काढायची. चांगले किती, टाकाऊ किती, भागाकार करा आणि निकाल लावा. असा हिशेब केला तर वर्षाला एक बेताचा सिनेमा काढणारा कुणीही रामूच्या वर जाईल. शिवाय त्यानं निर्माता म्हणून जे उभं केलं ते या हिशेबात येतच नाही: ई. निवासचा 'शूल', श्रीराम राघवनचा 'एक हसीना थी', शिमित अमीनचा 'अब तक छप्पन'. नव्या माणसावर डाव लावायचा 'सत्या'तला गुण दिग्दर्शकातून सरकून निर्मात्यात गेला, असं म्हणावं लागतं. स्वतःच्या सिनेमाला मात्र तो पुरला नाही.

माणूस म्हणून त्याच्यावरचा राग महाराष्ट्रात वेगळा आहे, आणि किनाऱ्यावर जरा जास्तच. नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख 'ताज' पाहायला गेले तेव्हा सोबत त्यांचा नट मुलगा रितेश होता आणि रामूही. काही दिवसांत देशमुखांचं पद गेलं. हल्लेखोर समुद्रातून आले होते; त्यानंतर आमच्या कोळीवाड्यांत ओळखपत्रं, बोटींच्या तपासण्या, चौकश्या सुरू झाल्या. ज्यांच्या होड्या थांबवल्या जात होत्या त्यांना सिनेमावाला जळक्या हॉटेलात फिरताना टीव्हीवर दिसला, हे ते विसरलेले नाहीत. २०१३मध्ये त्यानं त्याच हल्ल्यावर सिनेमा काढला. सुरुवातीचा भाग दमदार आहे, नंतर नाना पाटेकर शवागारात कसाबला प्रवचन देत राहतो. 'सत्या'तल्या रामूनं ते कापलं असतं.

जानेवारी २०२५मध्ये 'सत्या' पुन्हा चित्रगृहांत लागला. तो बघून आपल्याला रडू आलं, यशाच्या आणि अहंकाराच्या नशेत आपण भरकटलो, आणि यापुढे दिग्दर्शक का व्हायचं होतं याची जाण ठेवूनच सिनेमे करीन, अशा अर्थाचं त्यानं जाहीर लिहिलं. मग 'सिंडिकेट' नावाचा नवा सिनेमाही घोषित केला. कबुली प्रामाणिक असेल, पण ती सगळी 'मी, मी' अशीच आहे. नव्या सिनेमाच्या पाटीवर लेखक कोण, छायाचित्रकार कोण, आणि ज्यांचं नाव मी आजवर ऐकलेलं नाही असे नट किती, हे आधी वाचीन. मगच तिकीट.