गाऱ्हाणं कुणावर? देवाच्या न्यायाच्या वादाची पार्श्वभूमी

तळकोकणात देवळात गाऱ्हाणं घालताना ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक उठते आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत जातात. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. पण शब्द नीट ऐकले तर ही तक्रार देवाविरुद्ध क्वचितच असते. ‘काय चुकला-माकला आसात तर पदरात घे’ असं म्हणत आरोपी म्हणून उभा राहतो तो माणूसच. मग कौल, म्हणजे देवाचा निर्णय, लागतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. डावा का दिलास, हे विचारायची सोय त्यात नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. अशा वेळी ‘देवानं असं का केलं’ हा प्रश्न कुणी तोंडातून काढला, की दोन उत्तरं लगेच येतात. एक, ‘आपलंच काहीतरी पाप असेल’. दुसरं, ‘त्याची करणी, आपण कोण विचारणार?’ दोन्ही उत्तरं फार जुनी आहेत. आणि ती ज्या प्रश्नाला दिली गेली, तो प्रश्न त्यांच्याहूनही जुना आहे: माणसाच्या न्यायाचं माप देवाला लावता येतं का?

ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या पायाभूत ग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायात तो थेट मांडलाय. ‘वैषम्यनैर्घृण्ये न’ असं एक सूत्र आहे: देवावर वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा, हे दोन दोष येत नाहीत. शंकराचार्य भाष्यात आधी प्रतिपक्षाची बाजू मांडतात, तीही पुरत्या ताकदीनं. देव अतिशय सुखी, पशू अतिशय दुःखी, माणूस मधल्यामध्ये. असं जग जाणूनबुजून घडवणारा एखाद्या सामान्य माणसासारखा रागद्वेषानं भरलेला ठरेल, आणि त्याचा निर्दयपणा दुष्टांनाही किळस आणील असा असेल. यावर आचार्यांचं उत्तर असं, की देव ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. दाखला पावसाचा आहे. पाऊस सगळ्यांना सारखाच पडतो. भात उगवतं की जव, हे बियाण्यावर ठरतं.

कोकणात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. एकाच सरीखाली कुणग्यात भात आणि वरकस जमिनीत नाचणी वाढते. माझ्या मते खरी गोष्ट मात्र दाखल्याच्या आधी घडलीय. माणसाची फूटपट्टी देवाला लागू नाही, असं आचार्य म्हणतच नाहीत. ते खटला चालवू देतात, आरोप वाचू देतात आणि मग देवाला निर्दोष सोडतात. ती सुटका फुकट मिळत नाही. देवावरचा आरोप उचलून तो सोसणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला जातो. पहिलं कर्म कुठून आलं, असं विचारलं तर पुढचंच सूत्र सांगतं, संसार अनादि आहे. गाऱ्हाण्यातला ‘चुकला-माकला’ याच विचाराचा लोकभाषेतला चेहरा आहे.

खटलाच नाकारणारं उत्तर भागवताच्या दशम स्कंधात सापडतं. रासलीला ऐकून परीक्षित राजा शुकाचार्यांना विचारतो, धर्म स्थापायला आलेल्यानंच परस्त्रियांशी असं का वागावं? उत्तर येतं, ‘तेजीयसां न दोषाय’, तेजस्व्यांना दोष लागत नाही. अग्नी सर्व काही खातो तरी त्याला विटाळ नाही. लगेच इशाराही येतो, की जो ईश्वर नाही त्यानं हे मनातसुद्धा आणू नये. रुद्र नसलेल्यानं विष प्यायलं तर तो मरेल. प्रश्न मोडून न काढता तो राजाच्या तोंडी ठेवला, हे मला त्या ग्रंथाचं मोठेपण वाटतं.

हाच झगडा समुद्रापलीकडेही चालू होता, आणि तिथल्या बंदरांशी कोकणाचा राबता होता. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला तेव्हा तिथं बसरा, बगदाद, ओमान इथून येऊन राहिलेले मुसलमान त्याला भेटले. त्याच काळात बसऱ्यात मुताझिली, म्हणजे इस्लाममधल्या बुद्धिवादी पंथाचे, पंडित म्हणत होते, की भलंबुरं माणसाच्या बुद्धीला कळतं आणि देवालाही न्यायानंच वागावं लागतं. त्यांच्यातूनच फुटून निघालेल्या अल-अशअरीची एक गोष्ट सांगितली जाते. तीन भाऊ. एक पुण्यवान, एक पापी, एक लहानपणीच वारलेला. धाकटा देवाला विचारतो, मला वाढू दिलं असतंस तर मीही पुण्य केलं असतं. देव म्हणतो, तू मोठेपणी पाप करणार हे मला ठाऊक होतं. तेव्हा नरकातून मधला ओरडतो, मग मला लहानपणी का नाही नेलंस? अशअरीनं हे आपल्या मुताझिली गुरूपुढे ठेवलं, तेव्हा गुरूला उत्तर सुचलं नाही. अशअरीनं त्यावरून काढलेला निष्कर्ष असा, की देव करतो तेच न्याय्य; त्याच्या डोक्यावर दुसरा नियम नाही. कोकणी मुसलमान इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई पंथाचे, आणि शाफई विद्वानांत पुढे अशअरी मतच रुजलं.

अलिबागच्या परिसरातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांच्या धर्मपरंपरेतला ईयोब याहून वेगळा आहे. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र समजावतात, तुझंच पाप असेल. तो मान्य करत नाही, देवाकडेच जाब मागतो. देव वादळातून बोलतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? ईयोब गप्प होतो. पण शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. देवाची वकिली करणारे माझ्याविषयी खरं बोलले नाहीत, ईयोब बोलला, असं तो म्हणतो. हा भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो.

मराठीत ईयोबाची जागा संतांनी घेतली, आणि घरातल्या भाषेत घेतली. नामदेव पतितपावन हे नाव ऐकून दारात येतात आणि नाव खोटं निघालं म्हणून माघारी जायची धमकी देतात. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. इथं नातं आहे, म्हणून भांडण आहे. पण चोखामेळ्याच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा, अभंग रुसण्याच्या पलीकडे जातो. ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता.’ कर्माचं उत्तर ज्यांच्या माथी मारलं गेलं होतं, त्यांतला एक जण ते परत करतोय. उष्टं खायला लावणाऱ्या माणसाला लाज वाटायला हवी. मग देवाला का नको? माप माणसाचंच आहे, आणि देवाला ते लावताना कर्ममेळा अडखळत नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी पुराणातल्या देवांची नीती काढली आणि वाद चव्हाट्यावर आला. माणगावजवळच्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्याशी जाहीर वाद घालत होते. पण मिशनऱ्यांच्या मायदेशात तेच माप त्यांच्या देवालाही लावलं जात होतं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८६५मध्ये लिहिलं, की माणसाबद्दल ज्या अर्थानं मी ‘चांगला’ म्हणतो त्या अर्थानं जो चांगला नाही, त्याला मी चांगला म्हणणार नाही. त्यासाठी नरकात जावं लागलं तरी जाईन.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी सरळ नोटीस काढली. समुद्र हटवून ज्यानं कोकण वसवलं अशी श्रद्धा आहे, ज्याचं देऊळ चिपळूणजवळच्या डोंगरावर आहे, त्या परशुरामाला. तू चिरंजीव आहेस तर समोर हजर हो, असं ते पत्र १८७३च्या ‘गुलामगिरी’त छापलंय. त्यामागे एकवीस वेळा केलेल्या संहाराचा जाब होता.

रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी वेगळीच वाट धरली. पतितपावन मंदिर १९३१मध्ये उभं राहिलं, त्याच्या नावात नामदेवांचा शब्द आहे. पण सावरकरांच्या ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ या निबंधातला विश्वाचा देव माणसाच्या सुखदुःखासाठी जग चालवत नाही. म्हणजे दयाळू नाही आणि क्रूरही नाही. हे पटलं तर खटला संपतो, पण ऐकणाराही उरत नाही. दरडीखाली घर गेलेल्या माणसाला हे सांगणं मला जमणार नाही.

तळिये ज्या तालुक्यात आहे, त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. कुठल्या पापानं कोणता जन्म येतो याची यादी तिच्या बाराव्या अध्यायात आहे. महाडच्या सत्याग्रहाचे नेते डॉ. आंबेडकर मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. राम आणि कृष्ण यांच्या वागण्याची साध्या माणुसकीच्या मापानं त्यांनी केलेली चिकित्सा १९८७मध्ये छापून आली तेव्हा महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. त्याच्या खूप आधी, १९४८मध्ये, अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला होता. त्यांतला एक कर्ममेळ्याचा बाप, चोखामेळा.