गुळाचा चहा आणि तीन महिन्यांची साखर

"साखर कवाच सोडलीय की मी. गुळाचाच चहा पितोय."

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका गावात देवळाच्या सभामंडपात मधुमेह्यांच्या गटात बसलेले मामा असं म्हणाले, तेव्हा निम्म्या माना डोलल्या. शेजारच्या मावशींनी तेवढ्यात विचारलं, "मग रिपोर्टात किती आली, मामा?" मामा गप्प.

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, हे मामांना डॉक्टरांनीही सांगितलं असणार. पण दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात, त्यात आमच्या सीमाभागात भिंतीवरचं पत्रक कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत आणि प्रश्न मराठीत. तो मनातच राहतो. वर्षाचे तास ८,७६०, डॉक्टरांसमोरचे फार तर एक-दोन. बाकीच्या वेळी औषध, ताट आणि पाय सांभाळायचे ते आपणच.

म्हणून मधुमेह्यांना दहा-पंधराच्या गटात बसवून शिकवायची पद्धत निघाली. शिकवायला प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ हवी, नाहीतर गुळाचेच सल्ले फिरायचे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात अशा ११ अभ्यासांतले १,५३२ रुग्ण होते. गटात शिकलेल्यांचं एचबीएवनसी, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं टक्क्यांत मोजलेलं प्रमाण, इतरांपेक्षा चार-सहा महिन्यांत १.४ टक्केबिंदूंनी, वर्षभराने ०.८ टक्केबिंदूंनी कमी भरलं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे हा आकडा तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून तो फसत नाही.

सगळीकडे असंच घडलं असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या ८२४ जणांवरच्या 'डेस्मंड' चाचणीत सहा तासांच्या गटशिक्षणाने वजन जास्त उतरलं, धूम्रपान घटलं, पण वर्षाअखेर एचबीएवनसीत ठळक फरक दिसला नाही. मला तरी वाटतं, एकदा बसवून सोडून दिलं की असंच व्हायचं. हरिपाठ काय एका दिवसात पाठ होतो?

त्या मंडपात मला आवडला तो मावशींचा प्रयोग. एका दिवशी नेहमीसारखा भाताचा ढीग आणि आमटी. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २३८. दुसऱ्या दिवशी भात निम्मा, भाजी दुप्पट आणि जेवणानंतर बांधापर्यंत फेरी, आकडा १७१. एका घरातल्या दोन दिवसांनी काही सिद्ध होत नाही, पण कारण खरं आहे: चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. मावशींनी वही फिरवली आणि चर्चा पेटली. मग ज्वारीची भाकरी किती? तीही पिठूळच, चार खाल्ल्या तर भातापेक्षा वेगळं काय होणार? एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. यावर भजनी मंडळातले दोघे नाराज झाले. कुंद्याबद्दल, म्हणजे बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईबद्दल, कुणी विचारलंच नाही. उत्तर माहीत होतं.

मामांनी आता गूळ सोडलाय. पण खिशात साखरेची पुडी असते. त्यांच्या गोळीने कधी साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे त्यांना मावशींनी शिकवलं. त्यांच्यावर एकदा तशी वेळ आली होती, लावणीच्या दिवसांत, चिखलात उभ्या असताना.