सायीतले बीजाणू

पाणी उकळलं की सगळे जंतू मेले, असं आपण धरून चालतो. बहुतेक रोगजंतूंपुरतं ते खरं आहे. पण मातीत आणि वाळल्या गवतात राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे उपासमारीत तग धरण्यासाठी बनणाऱ्या कवचबंद, झोपी गेलेल्या पेशी, उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. जर्मन जीवशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी ते 1876 मध्येच नोंदवलं होतं.

पोषक द्रवावर हा जिवाणू दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. हीच बायोफिल्म. शर्करांचा चिकट गर आणि टासए प्रथिनाचे तंतू यांनी पेशी एकमेकींना बांधलेल्या असतात. अगरवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक माध्यमावर, वाढवला तर थराला सुरकुत्या पडतात, उंचवटे येतात, आणि बीजाणू मुख्यतः त्या उंचवट्यांच्या शेंड्यांवर धरतात. सूत्रं स्पो-झिरो-ए या प्रथिनाकडे. त्याच्या थोड्याच रेणूंवर फॉस्फेट चढला, तर पेशी गर बनवते. उपासमार लांबून तो बऱ्याच रेणूंवर चढला, की बीजाणू. गर बनवू न शकणाऱ्या वाणांत बीजाणूंचं कामही रखडतं.

खरी गंमत पुढे आहे. एरवी पेशी मधोमध विभागते. बीजाणू बनताना मात्र पडदा एका टोकाजवळ पडतो, तोही गुणसूत्रावरच. छोट्या कप्प्यात गुणसूत्राचा जेमतेम 30 टक्के भाग येतो. उरलेला 70 टक्के भाग पडद्यात बसलेला स्पो-थ्री-ई हा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून आत ओढतो. हा पंप बिघडलेल्या वाणात गुणसूत्र तिथेच अडकतं आणि बीजाणू होत नाही. छोट्या कप्प्यातली जनुकं चालू करतो सिग्मा-एफ हा प्रथिनाचा रेणू. त्याला दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाचं जनुक सुरुवातीला बाहेरच्या 70 टक्क्यांत असतं. आतलं जुनं प्रथिन झिजतं, नवं बनत नाही, आणि सिग्मा-एफ मोकळा व्हायला मदत होते. गुणसूत्रावरची जागाच इथे घड्याळाचं काम करते!

मग मोठी पेशी छोटीला गिळते, तिच्याभोवती कवचं चढवते. पाणी बाहेर जातं, कॅल्शियम डायपिकोलिनेट हे कॅल्शियमचं संयुग साठतं; कोरड्या वजनाच्या सुमारे 10 टक्के. सुरुवातीपासून सात-आठ तासांनी मोठी पेशी फुटते, बीजाणू सुटतो.

बीजाणू असे चिवट, म्हणूनच प्रयोगशाळेत पोषक माध्यम वाफेच्या दाबाखाली 121 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं ठेवतात. ‘99.9 टक्के जंतू मारतो’ म्हणणारं अल्कोहोलचं सॅनिटायझर बीजाणूंपुढे निष्प्रभ ठरतं.

स्वयंपाकघरात याचा भाऊबंद भेटतो, बॅसिलस सीरियस. भात शिजतानाही त्याचे बीजाणू टिकतात, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात रुजतात. त्याचं उलटी घडवणारं विष सकाळच्या फोडणीनेही नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.