एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला का?

टेक्सासात राहणाऱ्या माझ्या आतेभावाने १९५१ची शेवरले ३१०० पिकअप घेतली. गोलसर बॉनेट, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी, दिसायला देखणी. पण साठ-सत्तरच्या पुढे वेग गेला आणि रस्त्याला एखादा उंचवटा लागला की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. म्हणून त्याने बोल्टने बसवायच्या इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शनचं, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वर-खाली होऊ देणाऱ्या रचनेचं, किट मागवलं. घरच्या ग्रुपवर फोटो टाकल्याबरोबर एका काकांचा सल्ला आला, "एवढा खर्च कशाला? मऊ स्प्रिंगा टाक." आत्याने पुढे लिंबू-मिरची बांधायला सांगितली.

लिंबू-मिरचीने निदान बिघडणार तरी काही नाही. मऊ स्प्रिंगांनी मात्र त्याचा त्रास वाढला असता. कसा, ते सांगायलाच हा लेख.

आपल्याकडच्या एखाद्या मालट्रकच्या पुढच्या चाकांमागे वाकून पाहा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेला जाड, अखंड लोखंडी अ‍ॅक्सल दिसेल. त्यावर दोन्ही बाजूंना कमानपाटे आणि टोकांना किंग पिन, ज्यांच्याभोवती चाकं वळतात. १९५१च्या त्या शेवरलेचीही रचना हीच. दणकट, स्वस्त, ओझं वाहायला उत्तम. फक्त एक गोष्ट आहे: डावं चाक पाच सेंटिमीटर उचललं गेलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरका होतो आणि त्याच्याबरोबर उजवं चाकही कलतं, मग त्याच्याखालचा रस्ता सपाट का असेना.

कललं तर कललं, बिघडलं काय? खरी गंमत इथे आहे, आणि ती हाताने अनुभवल्याशिवाय पटत नाही. सायकलचं पुढचं चाक काढा. अ‍ॅक्सलची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा. आता एक हात झटकन वर उचला. चाक नुसतं कलणार नाही. ते हातात डावी-उजवीकडे वळायला बघेल, कुणी मनगट पिरगाळावं तसं. लहानपणी काठीने टायर पळवला असेल तर हे तुम्हाला ठाऊकच आहे. पळणारा टायर उजवीकडे कलला की पडत नाही, उजवीकडे वळतो. फिरणाऱ्या वस्तूला एका दिशेने कलवलं तर ती काटकोनातल्या दिशेने उत्तर देते. हाच जायरोस्कोपचा गुण.

आता हे पिकअपला लावू. डावं चाक उंचवट्यावर चढलं. दोन्ही चाकांचे माथे उजवीकडे कलले. दोन्ही चाकं उजवीकडे वळू पाहतात. पण गोष्ट तिथे थांबत नाही. चाकं झटक्यात उजवीकडे वळली की तोच नियम उलट बाजूने लागू होतो आणि अ‍ॅक्सल डावीकडे झुकायला बघतो. डावीकडे झुकला की चाकं डावीकडे वळतात. कलणं वळण्याला ढकलतं, वळणं कलण्याला. किंग पिन झिजलेली असेल, चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्यात, म्हणजे टाय रॉडमध्ये, जरा ढिलाई असेल, तर हा झोका विझायच्या ऐवजी वाढत जातो. इंग्रजीत याला शिमी म्हणतात. आपला मिस्त्री म्हणतो, "चाक लफलफतंय."

आकडे नको असतील त्यांनी एवढा परिच्छेद ओलांडून जावं. साधारण २० किलोचं, ३५ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक धरलं तर त्याचा जडत्वाघूर्ण १.३ किलोग्रॅम-चौरसमीटरच्या आसपास येतो. ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला सुमारे ६३ रेडियन फिरतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर पाच सेंटिमीटरच्या उंचवट्याने अ‍ॅक्सल जवळपास दोन अंश कलतो. हे सेकंदाच्या विसाव्या भागात घडलं, तर प्रत्येक चाकाला वळवणारं बल-आघूर्ण ५५ न्यूटन-मीटरच्या घरात जातं. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला साडेपाच किलो वजन अचानक टांगल्यासारखं, आणि अशी चाकं दोन.

मऊ स्प्रिंगांनी अ‍ॅक्सलला कलायला आणखी मोकळीक मिळते. ही अडचण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्यापुढे उभी होती. तो रोल्स-रॉइसमधून तिथे आला होता. गाडी पुढे-मागे डोलू नये म्हणून त्याला पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्या होत्या, पण अखंड अ‍ॅक्सलवर तसं केलं की लफलफ. तेव्हा अ‍ॅक्सलच तोडला. १९३४ साली कंपनीच्या मोटारी पुढे स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन बाजारात आल्या. पिकअपना मात्र थांबावं लागलं: शेवरलेने १९६० साली दिलं, फोर्डने १९६५ साली, तेही दोन तिरप्या दांड्यांची आपली वेगळीच तऱ्हा काढून.

आतेभावाच्या किटची वंशावळ १९७४ ते १९७८ या काळातल्या फोर्ड मस्टँग टूपर्यंत जाते. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, मध्ये स्प्रिंग आणि शॉकअप, पुढे रॅक-पिनियन स्टिअरिंग (दातेरी पट्टी म्हणजे रॅक, ती सरकवणारं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन), आणि हे सगळं एका क्रॉसमेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईवर. तुकडाच्या तुकडा उचलून दुसऱ्या चासीवर नेता येईल अशी ही बांधणी, म्हणून ती एवढी चालली. वरचा आर्म आखूड, खालचा लांब. त्यामुळे चाक वर जाताना माथ्याकडून किंचित आत झुकतं आणि वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्यावर बरा टेकतो. म्हणजे कलणं शून्य होत नाही, पण आधीपेक्षा बरंच कमी होतं. मुख्य म्हणजे शेजारच्या चाकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं, "वेल्डिंग नाही, एका सुट्टीत काम फत्ते." वेल्डिंग नव्हतं हे खरं. कमानपाट्यांच्या ब्रॅकेटांचे सत्तर वर्षांपूर्वीचे रिव्हेट ग्राइंडरने कापण्यातच त्याची पहिली सुट्टी संपली. बोल्टबद्दल एक समज दूर करायला हवा: बोल्ट खिळ्यासारखा आडवा अडून भार पेलतो असं आपल्याला वाटतं. नीट आवळलेला अर्ध्या इंची ग्रेड ८चा, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा, बोल्ट दोन पत्रे साडेपाच टनांच्या आसपास जोराने दाबून धरतो आणि भार पेलतं ते पत्र्यांमधलं घर्षण. म्हणून जोडाखाली रंगाचा जाड थर ठेवायचा नाही. रंग दबतो, ताण उतरतो, आणि मग बोल्ट खरोखरच खिळा होतो.

गाडी रस्त्यावर आली. लफलफ गेली. पण दोन दिवसांनी फोन आला, "दादा, खड्ड्यात चाक गेलं की गाडी जरा बाजूला ओढते." मी विचारलं, "उंची किटवाल्याने सांगितली तेवढीच ठेवलीस ना?" नाही. दिसायला बरी म्हणून चाळीस मिलिमीटर खाली बसवली होती.

चाक वर-खाली होताना आर्मची टोकं कंसात फिरतात, टाय रॉडचं टोकही आपल्या कंसात फिरतं. हे कंस जुळले नाहीत तर टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो आणि स्टिअरिंगला हात न लावता चाक वळतं. किट बनवणाऱ्याने कंस एका ठरावीक उंचीच्या आसपास जुळवलेले असतात. याने ती उंचीच हलवली.

पुढच्या रविवारी त्याने गाडी मूळ उंचीवर आणली, स्टिअरिंग बांधून ठेवलं, एका बाजूची स्प्रिंग काढली आणि हबला प्लायवूडची फळी बोल्टने जोडली. जॅकने चाक एकेक सेंटिमीटर उचलत फळीच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर टेपने मोजलं. सहा वर, सहा खाली. फोटोत पेन्सिलीने वहीत लिहिलेले तेरा आकडे होते. सगळ्यांत मोठा फरक दीड मिलिमीटर. रॅकखाली एक वॉशर टाकून पाहिला तर तो तीनवर गेला. वॉशर काढला, स्प्रिंग परत बसवली.

लिंबू-मिरची अजून आहे, नव्या क्रॉसमेंबरला बांधलेली. आत्याला फोटो पाठवावा लागतो.