‘विनाअनुदानित’ कुठून आलं?

महाराष्ट्राला खासगी कॉलेजं नवी नाहीत. पुण्याचं फर्ग्युसन १८८५ सालचं, रयत शिक्षण संस्था १९१९ ची. पण ही मंडळी लोकवर्गणीवर उभी राहिली आणि पुढे सरकारी अनुदानावर चालली; फी माफक, पगार सरकारच्या तिजोरीतून. ‘विनाअनुदानित’ हा शब्द घरोघरी पोचला तो १९८३ नंतर.

तोवर इंजिनीअरिंगच्या जागा मोजक्याच. पुण्यात सीओईपी, मुंबईत व्हीजेटीआय, सांगलीत वालचंद, शिवाय कराड, औरंगाबाद, अमरावती अशी थोडी ठिकाणं. थोडक्या मार्कांनी प्रवेश हुकला आणि घरी पैसा असला, की मुलगा डोनेशन भरून कर्नाटक गाठायचा. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये सरकारी पैसा न घेणाऱ्या कॉलेजांना राज्यातच परवानगी दिली. दादांचं स्वतःचं शालेय शिक्षण बेताचंच झालेलं. शिकायची सोय गावाजवळ हवी, ही ओढ त्यांना पुस्तकी माणसापेक्षा जास्त असणार, असं मला वाटतं.

परवानगीचा फायदा घेतला तो सरकारशी ओळख, जमीन आणि माणसं जमवायची ताकद असलेल्यांनी. पुण्यात एमआयटी आणि भारती विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज त्याच साली निघालं. साखरपट्ट्यातही लोणी-प्रवरेला आणि वारणानगरला कॉलेजं उभी राहिली. कारखान्याच्या धुराड्याशेजारी वर्कशॉप आलं, होस्टेल आलं. भोवती खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, खानावळी चालू लागल्या. पुढे पुण्यातल्या आयटी कंपन्यांना पोरं मिळाली ती बरीचशी याच कॉलेजांतून. हे श्रेय नाकारता येणार नाही.

पण किंमत आईबापांनी मोजली. जमीन विकून, कर्ज काढून. डोनेशनबंदीचा कायदा १९८७ चा. तरी पावतीविना पैसा फिरतच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात जागांची कमी फीची ‘फ्री सीट’ आणि जास्त फीची ‘पेमेंट सीट’ अशी वाटणी केली, २००२ मध्ये ती मोडली. फी आणि प्रवेशावर नियंत्रणाचा राज्याचा कायदा यायला २०१५ उजाडलं. तोवर बऱ्याच कॉलेजांत जागा रिकाम्या पडू लागल्या होत्या.

आता सरकार पुन्हा पैसा देतंय, पण विद्यार्थ्याच्या नावाने. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. ही प्रतिपूर्ती उशिरा येते, अशी संस्थाचालकांची तक्रार असते, आणि तेवढे महिने पगार थांबतो तो तिथे शिकवणाऱ्यांचा.